दहावीत सवलत मिळते, नोकरीत काय? 'वेगळ्या मेंदूच्या' कर्मचाऱ्यांबद्दल कायदा काय सांगतो आणि खामगावात काय होऊ शकतं?

दहावीचा पेपर सुरू आहे. डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला लिहायला जास्तीचा वेळ मिळतो. गरज असेल तर लेखनिक मिळतो. स्पेलिंगच्या चुकांवरून त्याची अक्कल मोजली जात नाही.

तोच मुलगा पुढे पदवी घेतो आणि नोकरीला लागतो. पहिल्याच आठवड्यात साहेब चालता चालता पाच कामं तोंडी सांगतात. तो तीन करतो, दोन विसरतो. महिन्याभरात ऑफिसात त्याच्याबद्दल मत तयार होतं: "हुशार आहे, पण लक्ष नाही याचं."

मधल्या काळात मुलाचा मेंदू बदललेला नाही. शाळेत त्याच्यासाठी एक नियम होता, नोकरीत तो कुणाला माहीत नाही, एवढाच फरक पडला.

मोठ्या शहरांतल्या आयटी कंपन्यांमध्ये 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द आता रुळलाय. पण जिथे नोकरी म्हणजे अडत दुकान, जिनिंग, चांदीची पेढी, पतसंस्था, शाळा किंवा एमआयडीसीतला कारखाना, तिथे या विषयाचं काय? बुलडाणा जिल्ह्यातल्या खामगावच्या निमित्ताने ते समजून घेऊ.

न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे नेमकं कोण?

सगळ्यांचे मेंदू एकाच पद्धतीने वाचत, ऐकत, लक्ष देत किंवा माणसांशी बोलत नाहीत. ज्यांची पद्धत बहुसंख्यांपेक्षा ठळकपणे वेगळी असते, त्यांना न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द १९९० च्या दशकाच्या शेवटी स्वमग्न व्यक्तींच्या ऑनलाइन गटांमधून पुढे आला. 'आम्ही बिघडलेले नाही, वेगळे आहोत' हा त्यामागचा विचार.

यात साधारणपणे पुढच्या गोष्टी येतात:

- ऑटिझम म्हणजे स्वमग्नता: संवादाची पद्धत वेगळी, आवाज किंवा उजेड जास्त जाणवणं, ठरलेल्या क्रमाची गरज.
- डिस्लेक्सिया, डिस्ग्राफिया, डिस्कॅल्क्युलिया: वाचन, लेखन किंवा आकडेमोडीत अडचण. यांना मिळून 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' म्हणतात.
- एडीएचडी: लक्ष टिकवणं, वेळेचा अंदाज घेणं, एका जागी बसणं अवघड जाणं.
- डिस्प्रॅक्सिया, टुरेट्स यांसारख्या इतर अवस्था.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. पण भारताच्या २०११ च्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे जे आठ प्रकार मोजले गेले, त्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांचा स्वतंत्र रकानाच नव्हता. त्यामुळे त्या जनगणनेवरून खामगाव तालुक्यात अशी किती माणसं आहेत हे सांगता येत नाही. माणसं मात्र आहेत. कुणी दुकानात आहे, कुणी वर्गात शिकवतंय, कुणी घरी बसून आहे.

महाराष्ट्राने शाळेत काय केलं?

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. वर्ष होतं १९९६. जास्तीचा वेळ, लेखनिक, काही विषयांत पर्याय अशा गोष्टी त्यातून आल्या. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमधल्या तपासणी केंद्रात त्यासाठी पालकांची रीघ लागायची.

२००७ मध्ये अमोल गुप्ते यांनी लिहिलेला 'तारे जमीन पर' आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरात पोचला. आज निदान शहरी शाळांमधल्या शिक्षकांना तरी हा प्रकार ऐकून माहीत असतो.

आता साधा हिशोब करा. १९९६-९७ मध्ये जे दहावीला होते, ते आज चाळिशी ओलांडून गेलेत. म्हणजे सवलत मिळालेली पहिली पिढी गेली वीसेक वर्षं नोकरी-धंद्यात आहे. शाळेसाठी राज्याने वाट घालून दिली, पण नोकरीच्या ठिकाणी तेवढी ठसठशीत व्यवस्था उभी राहिली नाही.

आरोग्य यंत्रणेतही तेच दिसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी होते, जिल्हा रुग्णालयात त्यासाठी केंद्र असतं, पण ते सगळं १८ वर्षांपर्यंत. त्यानंतर माणूस स्वतःच्या भरवशावर.

नोकरीबद्दल कायदा काय सांगतो?

वाटतं त्यापेक्षा बरंच काही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते २१ झाले. नव्याने आलेल्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. एडीएचडी मात्र या २१ मध्ये नाही. त्यामुळे फक्त एडीएचडी असलेल्या माणसाला या यादीच्या आधारे प्रमाणपत्र मिळत नाही.

सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला प्रत्येकी १ टक्का दृष्टी, श्रवण आणि हालचालीशी संबंधित दिव्यांगत्वासाठी. उरलेला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सगळ्यांना मिळून. महाराष्ट्र शासनाने यासाठी २९ मे २०१९ रोजी शासन निर्णय काढला. या आरक्षणासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावं लागतं.

पण ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे. कामाच्या जागी सोय मिळण्यासाठी ती नाही. हा फरक अनेक कार्यालयांना माहीत नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी या प्रकरणात हे स्पष्ट केलं. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला ४० टक्क्यांच्या अटीवर बोट ठेवून लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं, लेखनिकाच्या सोयीसाठी ही टक्केवारी आड आणता येणार नाही. अडचण असलेल्या माणसाला बरोबरीने भाग घेता यावा म्हणून करायचे बदल म्हणजे उपकार नव्हेत, तो समानतेचाच भाग आहे. कायद्यात याला 'रीझनेबल अकोमोडेशन' म्हणतात. सोप्या मराठीत वाजवी सोय. वाजवी अशासाठी की मालकावर अवाच्या सवा बोजा पडेल अशी मागणी त्यात बसत नाही.

मग खासगी नोकरीचं काय? तिथे आरक्षण नाही, पण कलम २१ आहे. प्रत्येक आस्थापनेने 'समान संधी धोरण' तयार करायचं आणि त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात बरंच काही लिहावं लागतं: कोणती पदं योग्य आहेत, निवड कशी होईल, प्रशिक्षण काय, रजा काय. शिवाय एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. २० पेक्षा कमी माणसं असली तरी कोणत्या सोयी देणार एवढं तरी धोरणात असायला हवं.

कायदा मोडला तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड. पुन्हा मोडला तर किमान ५०,००० आणि जास्तीत जास्त ५ लाख.

मग गाडं अडतं कुठे?

तीन ठिकाणी.

*पहिलं, प्रमाणपत्र.* यूडीआयडी कार्डासाठी अर्ज ऑनलाइन होतो, पण तपासणी सरकारी रुग्णालयातच होते. पाय किंवा डोळा तपासणं आणि स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता तपासणं यात मोठा फरक आहे. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक अशी माणसं लागतात. तालुक्याच्या ठिकाणी ही सगळी एका जागी मिळणं कठीण. खामगावहून बुलडाणा आणि अकोला ही दोन्ही जिल्ह्याची ठिकाणं साधारण ५० किलोमीटरवर. एका फेरीत काम होईलच असं नाही आणि प्रत्येक फेरीला रोजगार बुडतो.

त्यात अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या मुळात शाळकरी वयासाठी बेतलेल्या. शाळेत असताना तपासणी झाली नसेल, तर पंचविशीतल्या माणसाला 'तू तेव्हा का नाही आलास?' याचं उत्तर देत बसावं लागतं. तेव्हा घरात कुणाला हे माहीतच नसतं. 'ढ आहे' म्हणून विषय संपलेला असतो.

एक आशेची गोष्ट म्हणजे, ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात ज्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात बुलडाणाही आहे. तिथला मानसोपचार विभाग पूर्ण ताकदीने उभा राहिला, तर जिल्ह्यातल्या लोकांची अकोल्याची फेरी वाचू शकते.

*दुसरं, मुलाखत.* नजरेला नजर देणं, हसून बोलणं, 'स्वतःबद्दल सांगा' या प्रश्नाला छान उत्तर देणं ही मुलाखतीची परीक्षा असते. अनेक स्वमग्न व्यक्ती नेमक्या इथेच मागे पडतात. हिशोब तपासणाऱ्या माणसाला दिवसभर कुणाच्या डोळ्यात बघायचं नसतं, तरी त्याची निवड मात्र त्यावर ठरते.

*तिसरं, सांगायचं की नाही?* हा प्रश्न सगळ्यात जड. सांगितलं तर सोय मागता येते. पण लहान शहरात ऑफिसातली गोष्ट संध्याकाळपर्यंत चौकात पोचते. 'डोक्याचा प्रॉब्लेम आहे' असं नाव एकदा पडलं की बढती, सोयरीक, घरच्यांची इज्जत सगळ्यावर त्याचा परिणाम होण्याची भीती असते. म्हणून बरेच जण लपवतात. दिवसभर 'नॉर्मल' दिसण्यासाठी जी शक्ती जाते, त्याने माणूस घरी येऊन गळून पडतो.

यात अलीकडे संशयाची भर पडली. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याचं प्रकरण देशभर गाजलं आणि दिव्यांग प्रमाणपत्रं चर्चेत आली. त्यानंतर २०२५ मध्ये राज्यात जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी सुरू झाली. खोटी प्रमाणपत्रं पकडलीच पाहिजेत, कारण ती खऱ्या दिव्यांगांची जागा खातात. पण ज्यांचं दिव्यांगत्व डोळ्यांना दिसत नाही, त्यांच्याकडे याच काळात 'हा तर धडधाकट दिसतो' अशा नजरेने जास्त पाहिलं जातं, हेही तितकंच खरं.

खामगावात याचा अर्थ काय?

खामगाव म्हणजे जुनी कापसाची बाजारपेठ. चांदीच्या व्यापारामुळे 'रजतनगरी' हे नावही पडलं. मोठी बाजार समिती, एमआयडीसी, शाळा-कॉलेजं, बँका आणि पतसंस्था. म्हणजे नोकऱ्यांचे प्रकार भरपूर आहेत.

हंगामात बाजार समितीत काय चालतं ते डोळ्यासमोर आणा. गाड्यांची रांग, बोली लावणाऱ्यांचा आवाज, एकाच वेळी चार जणांच्या सूचना. आवाज सहन न होणाऱ्या माणसासाठी ही जागा म्हणजे शिक्षा. पण त्याच अडत दुकानात आत बसून काट्याच्या पावत्या नोंदींशी ताडून पाहायचं काम असतं. क्रम आणि बारकावा आवडणाऱ्याला ते जमू शकतं. उलट, एडीएचडी असलेल्या एखाद्याला आतली खुर्ची नको वाटेल आणि बाहेरची धावपळ मानवेल.

चांदीच्या कामात वजन, नक्षी, तेच ते बारीक काम तासन्‌तास करणं आलं. जिनिंगमध्ये यंत्रांचा आवाज आणि हवेत उडणारा कापूस आला. म्हणजे 'अशा मुलांना कोणतं काम द्यायचं' याचं एक उत्तर नाही. माणूस आणि काम यांची जोडी बघावी लागते. ऑटिझम म्हटलं की 'कम्प्युटरमध्ये जीनियस असेल' हा समजही तितकाच चुकीचा. काही जण असतात, बरेच नसतात. नोकरीचा हक्क दोघांनाही आहे.

आणखी एक गोष्ट. डिसेंबर २०२४ पासून राज्याचं कामगार खातं खामगावचेच आमदार आकाश फुंडकर यांच्याकडे आहे. दिव्यांग कल्याणासाठी वेगळा विभाग महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला, तेव्हा असं करणारं हे पहिलं राज्य म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण कारखाने आणि दुकानांशी रोजचा संबंध कामगार खात्याचा, तर समान संधी धोरणाचा विषय दिव्यांग खात्याचा. दोन खात्यांच्या मध्ये हा विषय पडून राहू नये, याची सुरुवात खामगाव एमआयडीसीतून करता येण्यासारखी आहे. २० पेक्षा जास्त कामगार असलेल्या किती उद्योगांनी धोरण नोंदवलंय, ही यादी तालुकावार जाहीर केली तरी बरंच काही कळेल.

इतरांनी काय केलं?

डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोने यांनी २००४ मध्ये 'स्पेशालिस्टर्न' ही कंपनी सुरू केली. त्यांचा मुलगा स्वमग्न आहे. त्यांनी नेहमीची मुलाखत बाजूला ठेवली आणि उमेदवारांना लेगोचे रोबो जोडायला दिले. माणूस बोलतो कसा यापेक्षा काम कसं करतो हे त्यातून दिसलं.

जर्मन सॉफ्टवेअर कंपनी सॅपने २०१३ मध्ये याच संस्थेच्या मदतीने जगभरात स्वमग्न कर्मचारी घेण्याचा कार्यक्रम जाहीर केला. त्याआधीचा छोटा प्रयोग झाला होता तो भारतात, सॅपच्या बंगळुरूच्या कार्यालयात. २०२० पर्यंत एकूण कर्मचाऱ्यांपैकी १ टक्का स्वमग्न असावेत हे त्यांचं लक्ष्य होतं. तिथपर्यंत कंपनी पोचली नाही. म्हणजे पैसा आणि इच्छा असूनही हे काम आपोआप होत नाही.

मुंबईत जुहूला 'कॅफे अर्पण' आहे. यश चॅरिटेबल ट्रस्टच्या या कॅफेत स्वमग्नता, डाउन सिंड्रोम आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेले प्रौढ स्वयंपाकघरात आणि टेबलावर काम करतात. ट्रस्टच्या संस्थापकांपैकी सुषमा नगरकर या स्वतः स्वमग्न मुलीच्या आई. इथे सॉफ्टवेअर नाही, सँडविच आणि चहा-कॉफी आहे. म्हणून खामगावसारख्या शहरासाठी सॅपपेक्षा हे उदाहरण जास्त जवळचं.

मालकाने नेमकं काय करायचं?

बहुतेक सोयींना पैसे लागत नाहीत. सवय बदलावी लागते.

*घेताना:* मुलाखतीचे प्रश्न आदल्या दिवशी द्या. शक्य असेल तर एक-दोन दिवस प्रत्यक्ष काम करून बघू द्या आणि त्याचे पैसे द्या. जाहिरातीत 'उत्तम संवादकौशल्य' ही ओळ सवयीने टाकू नका, कामाला खरंच लागत असेल तरच टाका.

*रोजच्या कामात:* तोंडी सांगितलेलं काम व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत लिहून पाठवा. डिस्लेक्सिया असेल तर उलट करा, व्हॉइस नोट पाठवा. 'लवकर कर' असं म्हणू नका, 'चार वाजेपर्यंत' म्हणा. पाळी बदलायची असेल तर आदल्या दिवशी सांगा. गोदामात खाचखळग्यांच्या नावांऐवजी रंगाच्या पट्ट्या लावा. आकडे उलटे पडत असतील तर कॅल्क्युलेटर आणि दुसऱ्याची एक नजर, एवढं पुरतं.

*जागा:* दाराजवळची किंवा पंख्याच्या घरघरीखालची खुर्ची बदला. कानात बोळे किंवा हेडफोन घालून काम करू द्या, सुरक्षेला बाधा नसेल तिथे.

*माणसं:* कुणाला विचारायचं हे ठरवून द्या. पाच साहेब नकोत, एक नाव हवं. चूक झाली तर चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन नेमकं काय चुकलं ते सांगा. आणि त्याची माहिती त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगू नका.

सहकारी विचारतील, 'त्यालाच सवलत का?' यावर सोपा उपाय म्हणजे ज्या सोयी सगळ्यांना देता येतात त्या सगळ्यांनाच द्या. लिहून दिलेलं काम कुणालाही सोपंच जातं. नव्या पोराला, कानाने कमी ऐकणाऱ्या काकांना आणि मालकालासुद्धा.

एक गोष्ट मात्र करू नका. 'आपण याला ठेवून घेतलंय' म्हणत कमी पगार देऊ नका. काम तेच असेल तर पगारही तोच. उलट कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआयसाठी इतरांना पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे, तर दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी ती २५,००० आहे. त्याचा लाभ त्याला मिळतोय का ते बघा.

आणि कर्मचाऱ्याने?

निदानाचं नाव सांगायचं की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय. नाव न सांगताही सोय मागता येते: 'मला काम लिहून मिळालं तर चुका कमी होतात.' पण वाद होण्याची शक्यता असेल तर मागणी लेखी करा आणि प्रत जपून ठेवा. नेमकी सोय मागा. 'मला समजून घ्या' यावर कुणी काही करू शकत नाही, 'आठवड्याचं वेळापत्रक सोमवारी सकाळी द्या' यावर करू शकतं.

मुलांच्या पालकांनी शाळेतलं प्रमाणपत्र दहावीनंतर कपाटात टाकू नये. २०१८ च्या केंद्रीय सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेची तपासणी वयाच्या ८, १४ आणि १८ व्या वर्षी करायची होती आणि अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालणारं होतं. नेमका हाच टप्पा बारावी आणि प्रवेशाच्या गडबडीत राहून जातो. मार्च २०२४ मध्ये सुधारित सूचना आल्या आहेत, त्यामुळे आजची पद्धत जिल्हा रुग्णालयात विचारून घ्यावी.

सरकारी कार्यालयात अन्याय झाला तर तक्रार निवारण अधिकारी नेमणं कायद्याने बंधनकारक आहे, आधी तिथे जा. त्यापुढे पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. खासगी आस्थापनेने धोरणच केलेलं नसेल, तर तीही तक्रार तिथे करता येते.

खामगावच्या एखाद्या शाळेत आत्ता एक मुलगी दहावीचे सराव पेपर जास्तीचा वेळ घेऊन सोडवत असेल. पाच-सहा वर्षांत ती याच शहरात नोकरी शोधायला निघेल. तोवर एमआयडीसीतल्या दहा कारखान्यांकडे आणि चार पतसंस्थांकडे हे धोरण कागदावर असलं आणि ते वाचलेला एक तरी माणूस तिथे बसलेला असला, तर तिला पहिल्या महिन्यात 'लक्ष नाही हिचं' हे ऐकावं लागणार नाही.